सिंहाचा डावा कान

आमच्या मंडईवरचा सिंह गुडघे मुडपून बसतो. खरा सिंह असा बसत नाही हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी शिक्षिका झाले होते आणि चौथीच्या मुलांना घेऊन सहलीला गेले होते. पिंजऱ्यातला सिंह पुढचे पाय लांब पसरून पडला होता, आणि मी मुलांना म्हटलं, "आजारी दिसतोय बिचारा." मुलांनाही ते पटलं, कारण तीही भवानी पेठेतलीच. आमच्या भागात सिंह म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच येतो. मंडईच्या कमानीवर बसलेला, पाय पोटाखाली घेतलेला, मानेवर लोकरीच्या गुंडाळ्यांसारखी आयाळ, कान आडवे पडलेले आणि डाव्या कानाला खालून एक तिरपी खाच. तालमीच्या पाटीवर हाच सिंह आहे. भाजीवाल्यांच्या मंडळाच्या शिक्क्यावर आहे, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर आहे, आमच्या शाळेच्या बिल्ल्यावरही होता. आणि ज्या रंगाऱ्यानं जिथं कुठं तो काढला, तिथं ती खाच इमानेइतबारे काढली. खाच का आहे हे कुणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर मी एकेकाळी छातीठोकपणे सांगितलं असतं. आता नाही सांगता येणार. वय वाढलं की गोष्टी उलगडत जातात असं म्हणतात, माझ्या बाबतीत उलटंच झालं आहे.

आमचं घर म्हणजे भवानी पेठेतल्या एका बोळातल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. दोन्ही बाजूंना माग होते. पहाटे पहिला माग सुरू झाला की दुसरा, मग तिसरा, आणि थोड्या वेळानं ती खटखट ऐकूच यायची नाही, इतकी ती घरात मुरलेली होती. उलट ती थांबली की आम्ही दचकायचो. आबा, म्हणजे माझे वडील, सूतगिरणीत पाळीवर जायचे आणि परत आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. आई मूळची वळसंगची. तिच्या माहेरी मेंढरं. लग्न होऊन शहरात आली, नळाला रांगेत उभी राहायला शिकली, शेजारच्या पद्मशाली बायकांकडून चार शब्द तेलुगू शिकली, पण मनानं ती मेंढरांमागंच राहिली. ढग आले की लोकांना कपडे आठवतात, आईला "आता भावाची मेंढरं कुठल्या माळाला असतील" हे आठवायचं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी, रात्री कण्या आणि ताक. सण नसेल तर यात फारसा फरक पडायचा नाही. मला आजही माडग्याचा वास आला की पडवीतून येणारा दुसरा एक वास त्यात मिसळलेला वाटतो, लोकरीचा. कारण पडवीत देव्या असायचा.

देव्या आमचा मेंढा. आमचा म्हणावं तर आईनं ऐकलं की रागवायची, "आपला न्हाय, देवाचा हाय त्यो." मी रांगती असताना मला असा ताप भरला होता म्हणे, की आबांनी आशा सोडली होती. तेव्हा आईनं बिरोबाला मेंढा बोलला. मी वाचले. पुढं काही वर्षांनी मामाच्या कळपात एक चांगलं कोकरू निघालं, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, आणि आई म्हणाली, हेच. तिच्या माहेरी रीत अशी होती की जनावर ज्याचं, त्यानं कानाला खूण करायची. प्रत्येक घराची खूण वेगळी, आणि आईच्या माहेरची म्हणजे डाव्या कानाला खालून तिरपी खाच. कातरीनं खाच पाडायची, भंडारा भरायचा, आणि मग त्या कानाला तोंड लावून जनावर कुणाचं ते त्यालाच सांगायचं. दुसऱ्यानं ते ऐकायचं नसतं. कान आखा, म्हणजे खाच नसलेला, असेल तर ते जनावर अजून कुणाचंच नसतं, असं मामा सांगायचा. नवस आईचा म्हणून खाच आईनंच पाडली. कोकराचे पाय मी धरले होते आणि मीच जास्त रडत होते. आईनं वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि परत एकदा वाकली.

मोठा झाला की यात्रेत द्यायचा, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. "तुज्या बदल्यात हाय त्यो," आई सरळ सांगायची, जसं हे बाजरीचं पीठ, हे ज्वारीचं. मला मात्र त्याचा अर्थ काही केल्या नीट लागायचा नाही. माझ्या बदल्यात म्हणजे मी जिथं जाणार होते तिथं तो जाणार. मग मी जिथं होते तिथं कोण होतं? देव्या माझ्या हातची भाकरी खायचा, शाळेतून आले की पत्र्याला डोकं आपटायचा, आणि मी त्याच्या मानेत तोंड खुपसून रडत बसायचे. आबांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "तिला नगं सांगत जाऊस गं असलं." आई म्हणाली, "मग कुनाला सांगू? तिच्यापायीच हाय की." आणि मग पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली. तिलाही देव्याचा लळा होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त ती दुष्ट वाटायची.

मंडईची नवी इमारत उभी राहिली ती याच सुमाराला. दगडी जोत्याची, उंच कमानीची, वर घड्याळासाठी सोडलेली गोल जागा. घड्याळ काही आलं नाही. त्या गोलाच्या खाली चौथरा होता आणि त्यावर शहराची खूण म्हणून काहीतरी बसवायचं ठरलं. ते काहीतरी काय, यावर पेठेत महिनाभर खल चालला होता. कुणी म्हणालं नंदी बसवा, हे सिद्धरामाचं गाव. कुणी म्हणालं मोर. आमच्या शेजारचे मागवाले म्हणाले, मागाचा धोटा बसवा, सगळं शहर त्याच्यावर चालतंय. शेवटी बांधकामावरचे ओव्हरसियर साहेब म्हणाले की सार्वजनिक इमारतीवर सिंहच शोभतो, सिंह म्हणजे शहराचा रुबाब, आणि तेच कायम झालं. आबांनी घरी येऊन ही बातमी दिली तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "सिंव्ह कुटला हितं? कुनी बघितलाय?" आबा म्हणाले, "बघायचा नसतो गं. शहराचा सिंव्ह हाय त्यो." "शहराचा म्हंजे कुनाचा?" आईनं विचारलं. आबांनी पाणी मागितलं.

सिंह करायचं काम नरसय्या मिस्त्रींकडं आलं. ते आमच्याच बोळात, दोन घरं सोडून राहायचे. गणपतीच्या दिवसांत गणपती, नवरात्रात देवी, आणि एरवी लोकांच्या घरांवर पोपट, कमळं, वेली असं काय काय. बुटके, अंगात बंडी, कानावर विडी, आणि नखांत कायम वाळलेला चुना. घरी तेलुगू बोलायचे आणि आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. एका सकाळी ते आमच्या पडवीत आले, देव्यापुढं उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले. आई बाहेर आली.

"अम्मा, तुमचा मेंढा थोडा द्या," मिस्त्री म्हणाले. "दुपारी फक्त. संध्याकाळी परत."

"कशाला?"

"बसायला. तो बसतो, मी बघतो, मी सिंह करतो."

आईला वाटलं आपल्यालाच भाषा कळली नाही. तिनं परत विचारलं. मिस्त्रींनी परत तेच सांगितलं. मग त्यांनी बंडीच्या खिशातून कॅलेंडरचा कापलेला तुकडा काढला. त्यावर देवीचा सिंह होता, पण नुसतं तोंड, बाकीचा सगळा देवीच्या लुगड्यामागं. "बघा. याला अंग कुठाय? मान कशी, कान मागून कसा, बसला की पोट कुठं जातं, मला काय माहीत? सिंह कुठून आणू मी? तुमचा मेंढा दांडगा आहे. मान बघा. केस बघा."

"मेंढ्याकडं बघून सिंव्ह?" आई आबांकडं वळली. आबा तोंडात भाकरीचा घास घेऊन हसत होते. "दे की," ते म्हणाले, "देवाकडं जायाच्या आदी जरा सिंव्ह हून यील." आईला हसू आलं नाही. तिनं देव्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "न्या. पर देवाचं जनावर हाय. माराचं न्हाय, गुलाल लावाचा न्हाय, आनि अंगावर पानी शिंपडाचं न्हाय." मिस्त्रींनी मान हलवली. पाण्याचं काय ते त्यांना कळलं नसावं. ते मला आबांनी सांगितलं. देवापुढं जनावर उभं करतात, नारळ फोडतात, अंगावर पाणी शिंपडतात, आणि जनावर अंग झाडेपर्यंत वाट बघतात. झाडलं की देवानं ते घेतलं. म्हणून एरवी कुणी शिंपडायचं नाही. "पानी शिंपडलं की इचारल्यागत हुतं," आई म्हणाली. "आनि इचारलं की उत्तर येतं."

मग रोज दुपारी मी देव्याला घेऊन मंडईच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत, असं आता वाटतं. मिस्त्री खाली मातीचा सिंह करत होते. त्याचा साचा काढून सिमेंटचा ओतायचा आणि वर चढवायचा, असं काम होतं. मी देव्यापुढं भाकरीचे तुकडे धरून त्याला बसवायचे, आणि मेंढा बसतो तसा तो आधी पुढचे गुडघे टेकून, मग मागचं धूड खाली सोडून बसायचा आणि रवंथ करत डोळे अर्धे मिटायचा. मिस्त्री त्याच्याभोवती फिरायचे, त्याची मान दाबून बघायचे, कानामागं बोट घालायचे, आणि परत मातीकडं जायचे. "पापा, तो हलतो," असं मला ओरडायचे. लहान मुलीला त्यांच्यात पापा म्हणतात. मला सगळ्यात मोठं कोडं पडायचं ते असं, की मातीचा प्राणी जसा जसा पुरा होत गेला तसा तो सिंह होत होता की देव्या, हे मला सांगता येत नव्हतं. तोंड कॅलेंडरमधलं होतं, सुळे होते, जबडा होता. पण मानेपासून मागं बघितलं की मला त्याला भाकरी द्यावीशी वाटायची. एके दिवशी मिस्त्रींनी कोरणीनं डाव्या कानाला खालून तिरपी खाच पाडली. मी म्हटलं, "मिस्त्री, ती खाच सिंहाला नसते." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तू सिंह बघितला?" मी म्हटलं नाही. "मग? समोर आहे ते करायचं." आणि ते विडी पेटवायला बाहेर गेले.

सिमेंटचा सिंह तयार झाल्यावर ओव्हरसियर साहेब बघायला आले. त्यांनी चारी बाजूंनी फेरी मारली, चष्मा काढून पुसला, परत फेरी मारली. तोंडासमोर उभे राहिले की त्यांचा चेहरा खुलायचा, बाजूला गेले की परत पडायचा. शेवटी म्हणाले, "सिंह जरा शांत वाटतोय, नाही?" मिस्त्री म्हणाले, "पोट भरलेला आहे साहेब." साहेब म्हणाले, "हां, मग ठीक आहे. मंडईच आहे." खाचेकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, किंवा गेलं असेल तर उचलताना उडालेला टवका समजून सोडून दिलं असेल.

उद्घाटनाच्या दिवशी मिस्त्री स्वतः आमच्याकडं आले आणि म्हणाले, "त्याला पण आणा, त्याचा पण मान आहे." आईला ते आवडलं. तिनं देव्याची लोकर विंचरली, गळ्यात नवी घुंगरमाळ बांधली आणि ठेवणीतलं इरकल नेसून त्याला स्वतः घेऊन निघाली. यात्रा आठ-पंधरा दिवसांवर आली होती. त्या दिवशी वळसंगहून मामाही लोकर घेऊन बाजाराला आला होता, तोही आमच्याबरोबर उभा राहिला. बँड होता, पताका होत्या, मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि गर्दीनं ढकलत ढकलत आम्हाला बरोबर कमानीखाली आणून ठेवलं. पाहुणे परांचीवर चढले. पडदा ओढला. मामानं मान वर केली, पटक्याला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं! ह्यो तर आपला कान हाय की!" तेवढ्यात वर पाहुण्यांनी सिंहाच्या पायाशी नारळ फोडला. नारळ चांगला पाण्यानं भरलेला असावा. ते सगळं पाणी चौथऱ्यावरून ओघळून खाली आलं आणि देव्याच्या कपाळावर, बरोबर त्या पांढऱ्या ठिपक्यावर, आणि मग पाठभर पडलं.

देव्या एक क्षण थबकला. आणि मग त्यानं नाकापासून शेपटापर्यंत सगळं अंग झाडलं. घुंगरमाळ खळखळली. माझ्या परकरावर थेंब उडाले. त्याच वेळी सगळ्या मंडईनं टाळ्या वाजवल्या आणि बँड सुरू झाला.

"घेतला की गं, आक्का," मामा म्हणाला.

"कुनी?" आई म्हणाली.

मामानं वर सिंहाकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं, बँडवाल्यांकडंही बघितलं. "ते न्हाय ठावं," तो म्हणाला. "पर घेतला."

घरी आल्यावर मिस्त्रींनी पाठवलेले पेढे आईनं तसेच ठेवून दिले. मला काय झालं ते कळत नव्हतं, पण काहीतरी झालं आहे एवढं कळत होतं, आणि ते वाईट की चांगलं हे कुणाच्याच तोंडावरून ओळखता येत नव्हतं. आबा म्हणाले, नारळाचंच पाणी, तुला काय एवढं. आई म्हणाली, "कान आपला, नारळ फुटला, पानी पडलं, अंग झाडलं. आनि काय ऱ्हायलं मग?"

तरी यात्रेला आम्ही देव्याला घेऊन गेलोच. बोललेलं होतं, नेणं भाग होतं. वळसंगच्या शिवारात माळावर बिरोबाचं लहानसं देऊळ होतं, समोर मोकळी जागा, ढोल, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. मला देव्या मरायला नको होता आणि मलाही मरायचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी एका वेळी मागता येत नाहीत एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. देव्याला पुढं उभं केलं. नारळ फोडला. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं. देव्या उभा. परत शिंपडलं. देव्या रवंथ करत उभा. मग तांब्या ओतला, मग घागर ओतली, लोकरीतून पाणी गळून पायाखाली चिखल झाला, आणि देव्या डोळे अर्धे मिटून, शेडमध्ये मिस्त्रींसमोर राहायचा तसा, जराही न हलता उभा. त्याला न हलायची मीच सवय लावली होती असं आता कुणी म्हणेल. मला तेव्हा ते सुचलं नाही, आणि आजही मला ते पुरेसं कारण वाटत नाही.

"इल्ल, इल्ल," पुजारी कानडीत म्हणाला, म्हणजे नाही, नाही. त्यानं देव्याचा कान हातात घेऊन बघितला. "हे दिलेलं जनावर हाय. कुटं दिलंसा?"

आईनं मंडईची सगळी हकिकत सांगितली. म्हातारी माणसं जमली. एक म्हणाला, दिलेलं जनावर परत देव कसा घेईल. दुसरा म्हणाला, दिलं तर मग ते इथं चालत कसं आलं.

"नारळ कुनाच्या नावानं फोडला त्यांनी?" पुजाऱ्यानं विचारलं.

"शहराच्या," आई म्हणाली.

"शहर कंचा देव?"

ढोलवाले वाजवायचे थांबून बघत होते. शेवटी पुजाऱ्यानं देव्याच्या कपाळाला भंडारा लावला, माझ्याही कपाळाला लावला, आणि दोघांना घरी न्या म्हणाला. परतताना आई एसटीच्या थांब्यावर भिजलेल्या देव्याचा कासरा धरून उभी होती आणि स्वतःशीच म्हणाली, "देव बी घोटाळ्यात पडला." मला आनंद झाला होता. आणि त्याच्या पाठोपाठ भीती आली. देवानं त्याला घेतलं नाही, तर मग माझं काय?

ती भीती माझ्यातून पुढं निघून गेली, पोरवयात जाते तशी. आईतून कधीच गेली नाही. मला साधी शिंक आली तरी ती कपाळाला हात लावायची. ताप आला की बिरोबाकडं जायची नाही, भंडाऱ्याची पुडी घेऊन मंडईत जायची. "ज्यानं घेतला त्याच्याकडं जायाचं," असं तिचं म्हणणं. सिंहापर्यंत हात पोचायचा नाही, म्हणून खालून मूठभर भंडारा वर उडवायची. बाजारातल्या बायकांनी ते बघितलं. आधी एक, मग चार, मग पोरांच्या परीक्षेच्या वेळी, बाळंतपणाच्या वेळी, सगळ्याच उडवायला लागल्या. सिंहाची छाती कायमची पिवळी झाली. आबा चेष्टा करायचे, "दोन देवांच्या मधी पोरगी कुटं अडाकलीया ते तरी बघा कुनी." देव्या पडवीत म्हातारा झाला, दात पडले, भाकरी कुस्करून द्यावी लागायची, आणि एका सकाळी उठलाच नाही. त्याच्या लोकरीचं घोंगडं आईनं मामाकडून विणून घेतलं. ते माझ्याकडं आहे. थंडीत अंगावर घेते, टोचतं, तरी घेते.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तिच्याजवळ होते. एका दुपारी ती जरा हुशारीत होती म्हणून मी विचारलं, "आये, खाच पाडली तवा त्याच्या कानात काय सांगितलंस?"

"कानातलं भाईर काडू ने."

"मला तरी सांग. माझ्याच बदल्यात होता ना?"

बाहेर एकुलता एक माग चालू होता. "बिरोबाचं नाव घ्याचं हुतं," ती म्हणाली. "घेतलं बी. पर तू पाय धरून आरडत हुतीस, सुभे. मग मी परत वाकले. दुसऱ्या बारीला तोंडात काय आलं..." आणि तिनं मान वळवली. मला वाटलं, उद्या परत विचारू. उद्या ती बोलण्याच्या पलीकडं गेली होती.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मंडईचं सुशोभीकरण चालू आहे. परवा मी मेथी घ्यायला गेले तर कमानीला परांची बांधलेली, हिरवी जाळी, आणि जाळीच्या फटीतून सिंह दिसला. छातीवरचा भंडारा धुऊन काढलेला, पांढराधोप. आणि डावा कान आखा. मी मेथीची पिशवी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू. या वयात, शिकलेली, पेन्शनीतली बाई मी, आणि पहिली गोष्ट काय केली, तर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला.

साइटवर टेंभुर्णीची एक तरुण इंजिनिअर पोरगी होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिनं मला खुर्ची दिली. "आजी, बरं वाटत नाही का?"

"तो कान का भरला?"

"तुटलेला होता की. मस्त जुळवलाय बघा, कळत पण नाही."

"तुटलेला नव्हता, पाडलेला होता."

मग मी तिला सांगितलं, जसं सुचेल तसं, मेंढा, मिस्त्री, नारळ, सगळं. तिनं मध्ये मध्ये "हो का", "बाई गं" केलं. तिची आजीसुद्धा शेळ्या राखायची म्हणे. शेवटी तिनं विचारलं, "मग आता काय करायचं? सिमेंट सकाळचंच आहे, अजून कच्चं आहे. गवंड्याला सांगून परत पाडायची का खाच?"

मी हो म्हणणारच होते. कान आखा म्हणजे जनावर कुणाचंच नाही. म्हणजे तो सुटला होता, देवाकडून, शहराकडून, आमच्याकडून. आणि त्याच्या बदल्यात जी कोण होती, तीही सुटली का? की उलट, आता कुठं अडकली? मला खरंच कळेना. मी त्या पोरीला म्हटलं, "जनावर ज्याचं त्यानंच पाडायची असते." ती म्हणाली, "मग चला की वर."

गुडघे कुरकुरत होते, पण परांचीला चांगल्या पायऱ्या होत्या आणि ती मागून धरत होती. मी देव्याच्या, म्हणजे सिंहाच्या, इतक्या जवळ त्या शेडनंतर कधीच गेले नव्हते. डोळे अर्धे मिटलेले. गुडघे मुडपलेले. गवंड्यानं थापी दिली. ओलसर सिमेंट कडेनं सहज कापलं गेलं, खालून, तिरपं. खाच अगदी पहिल्यासारखी आली. गवंडी म्हणाला, "पाणी मारतो, नाहीतर तडकंल," आणि त्यानं डब्यातलं पाणी सिंहाच्या डोक्यावर मारलं. मी नकळत एक पाऊल मागं सरले आणि थांबले. पाणी आयाळीच्या गुंडाळ्यांतून गळत राहिलं. "काय बघताय आजी?" पोरीनं विचारलं.

अजून एक गोष्ट राहिली होती. मी त्या दोघांना जरा तोंड तिकडं करायला सांगितलं आणि वाकून त्या कानाला तोंड लावलं. सिमेंटचा गार वास आला. बिरोबाचं नाव तोंडाशी आलं, शहराचं आलं, माझंही आलं. कुणाचं घ्यावं ते काही ठरेना, आणि खाली सगळी मंडई ओरडत होती, मेथी, कांदा, टमाटे. मग मी त्याला एवढंच सांगितलं, "आयेला इचारून सांगते."